कुकरची शिट्टी आणि कला शाखा

"तू आर्ट्‌सची ना? मग तुला काय करायचंय हे?"

हे वाक्य मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ऐकले. प्रसंग साधाच होता. आमच्या घरच्या कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता. दुरुस्त करणाऱ्याने त्या भोकात साधा स्क्रू घट्ट आवळून दिला आणि "आता पुन्हा उडायचा नाही" अशी हमीही दिली. मी विचारले, "पण तो उडाला का?" त्यावर वरील उत्तर मिळाले. डाळ शिजली, शिट्टी झाली, विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही.

वसतिगृहात परतल्यावर मी शास्त्र शाखेच्या एका मैत्रिणीला विचारले. तिला दाब आणि उत्कलनबिंदू यांचे नियम पाठ होते. पण कुकरचे झाकण उलटे करून तिने कधी पाहिले नव्हते. मला झाकण ठाऊक होते, नियम ठाऊक नव्हते. शेवटी आम्ही दोघींनी मिळून उत्तर शोधले.

उघड्या पातेल्यात पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. मग कितीही जाळ घाला, ते त्याहून तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ लवकर शिजते. दाब ठरावीक मर्यादेला पोचला की वाफ वरचे वजन उचलते आणि बाहेर पडते. तीच शिट्टी. डाळीच्या फेसाने ती वाट तुंबली किंवा आतले पाणी आटले, तर उष्णता वाढत जाते. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्हमधला लवकर वितळणारा मिश्रधातू वितळतो आणि वाफेला दुसरी वाट मिळते. म्हणजे आमचा व्हॉल्व्ह बिघडला म्हणून उडाला नव्हता, त्याने आपले काम केले होते! आणि आम्ही ती वाटच स्क्रूने बंद करून टाकली होती. १६७९ साली डेनिस पापिन या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये वाफेवर शिजवण्याचे भांडे करून दाखवले, तेव्हा त्यावर जादा वाफ सोडणारी झडपही बसवली होती. जी गोष्ट त्याला तेव्हा कळली होती, ती आमच्या स्वयंपाकघरात कुणी कुणाला सांगितली नव्हती.

मी त्याच रात्री घरी फोन केला. नवा व्हॉल्व्ह येईपर्यंत डाळ पातेल्यातच शिजवा, असे आईला सांगितले. आई म्हणाली, "मला वाटायचंच, तो काहीतरी कामाचा असणार. पण विचारायचं कुणाला?"

विचारायचे कुणाला! मला वाटते, आपल्या शिक्षणाचे खरे दुखणे या दोन शब्दांत आहे. शाळेत आपण उत्तरे पाठ केली, पण त्यांचे प्रश्न आपल्या घरात होते हे आपल्याला कळले नाही. दहावीनंतर शाखा निवडली आणि "का" हा शब्द शास्त्र शाखेला देऊन टाकला. जणू कला शाखेच्या मुलांच्या घरी कुकर नसतो.

आणखी एक उदाहरण देते. आमच्या अकोले तालुक्यातील कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. आम्ही मैत्रिणी बारी गावातून वर गेलो होतो. वर खिचडी रटरटा उकळत होती, पण डाळ दाताखाली कचकचत होती. आम्ही सरपणाला दोष दिला. खरे कारण असे, की त्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळू लागते. कुकरमध्ये जे घडते त्याच्या नेमके उलट! तेव्हा प्रश्न आमच्या ताटातच होता, पण आम्ही तो विचारला नाही.

यावर कुणी म्हणेल, आजी-आईने न विचारता जन्मभर संसार केला, काय अडले? पण त्या अडाणी नव्हत्या. माठ वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा, त्याला ओले फडके गुंडाळावे, पावसाळ्यात त्याच्याकडून गार पाण्याची आशा करू नये, हे सारे माझ्या आजीला ठाऊक आहे. पाझरलेले पाणी वाळताना माठातली उष्णता घेऊन जाते आणि दमट हवेत ते नीट वाळत नाही, एवढेच तिला सांगणारे कुणी भेटले नाही. तिचे निरीक्षण आणि पुस्तकातले कारण यांची भेट आपण घालून द्यायची आहे.

दुसरा कुणी म्हणेल, आता मोबाईलवर सारे मिळते. मिळते, मान्य. पण आमच्या झाकणावरचा स्क्रू मोबाईलला दिसत नव्हता. प्रश्न माणसालाच पडावा लागतो.

ही कामगिरी मराठीला नवी नाही. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर अनेक भाषांचे पंडित होते. त्यांनीच १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढून मराठी वाचकाला शास्त्रीय विषय समजावून दिले. ते कोणत्या शाखेचे, असे त्यांना कुणी विचारले नसावे.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या ग्रंथालयाबाहेर एक फळा लावावा. त्यावर कुणीही, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने, घरातला एक प्रश्न लिहावा आणि आठवडाभरात शास्त्र व कला शाखेच्या मुलांनी मिळून साध्या मराठीत उत्तर लिहावे. सुट्टीत घरी जाताना ते उत्तर सोबत न्यावे.

पहिला प्रश्न मी आजच देऊन ठेवते. तो आईचा आहे: "फ्रीजमधलं पाणी गार होतं, मग फ्रीजची मागची बाजू गरम का लागते?"

— एक विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए.