खानदानी घर, घरंदाज सून

मैत्रिणींनो, मुलीला स्थळ सांगून येतं तेव्हा मध्यस्थ मुलाच्या शिक्षणाआधी एक शब्द पुढे करतो, "घर खानदानी आहे हो!" आपण लगेच पदर सावरून बसतो. पण हा शब्द नेमकं काय सांगतो, हे कधी विचारलंत?

खानदान हा फारसी शब्द. अर्थ साधा, घराणं. आपलं कुळ आणि त्यावरून आलेलं कुलीन हे संस्कृतातलं. गवयांमध्ये तर ज्याची तालीम पिढ्यान्‌पिढ्या घरातच झाली तो खानदानी. तिथे निदान गाऊन दाखवावं लागतं!

आमच्या सावनेरकडे खानदानी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो मालगुजाराचा वाडा. आता मालगुजार या शब्दाचा अर्थ बघा, सरकारात सारा भरणारा. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा केलं आणि पुढे १८६० नंतरच्या दशकात या सारा भरणाऱ्यांना गावांची मालकी दिली. ३१ मार्च १९५१ पासून ती कायद्याने गेली. म्हणजे त्या मालकीचं वय पुरतं शंभर वर्षंही नाही! घरखेडीच्या जमिनी तेवढ्या राहिल्या, आणि राहिला तोरा.

तोऱ्याचं मला काही नाही. खटकतं ते वेगळंच. खानदानी घराला म्हणतात, पण घरंदाज म्हणायचं ते बहुधा बाईलाच. घरंदाज पुरुष ऐकलाय कधी? त्याच्या वाट्याला वाडा, हिच्या वाट्याला डोक्यावरचा पदर. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तर शेजारच्या एक आजी म्हणाल्या, "खानदानी घरची सून पगारासाठी बाहेर जाते का वो?"

आणि बैठकीतलं ते गोड वाक्य! "आम्ही खानदानी माणसं, तोंडानं मागत नाही. तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या." हुंडा घेणं-देणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण या वाक्यात आकडाच नसतो, आणि आकडा नसला की मुलीचा बाप धास्तीने जास्तच देतो.

तेव्हा स्थळ पाहायला जाल तर वाड्याची सागवानी दारं जरूर पाहा, पण हात धुण्याच्या निमित्ताने जरा स्वयंपाकघरातही डोकवा. थोरली सून तिथेच असेल. शिक्षण किती झालं, माहेरी शेवटचं कधी गेलात, हातखर्चाचे पैसे कोणाकडे असतात, एवढंच सहज विचारा. उत्तर देण्याआधी ती सासूबाईंकडे बघते का, तेही बघा.