हे प्रेम नव्हे, धाक!

नववी-दहावीच्या वर्गात मुलामुलींची मैत्री ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पण एखादी मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच बसू लागली, एका विशिष्ट मुलाला पाहताच गप्प होऊ लागली, मनगटावरचे वळ लपवू लागली, तर ‘या वयात चालायचंच’ म्हणून शिक्षकांनी सोडून देऊ नये. ‘दुसऱ्या कुणाशी बोललीस तर बघ’, ‘तुझे फोटो सगळ्यांना दाखवीन’ ही भाषा प्रेमाची नसते.

अशी गोष्ट उघडकीस आली की पुष्कळदा दोघांनाही मुख्याध्यापकांसमोर उभे केले जाते, पालकांना बोलावणे जाते आणि शेवटी मुलीचीच शाळा बंद होते. काही घरांत तर स्थळे पाहायला सुरुवात होते. मुली हे ओळखून असतात. म्हणूनच मार खाऊनही बोलत नाहीत.

तेव्हा शिक्षकांनी आधी तिचे शांतपणे ऐकून घ्यावे. ‘तू त्याच्या नादी लागलीसच का?’ असे विचारू नये. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू नये; त्याच्या देखत ती खरे बोलणार नाही. तुकडी बदलायचीच झाली तर मुलाची बदलावी. धमकीचे संदेश पुसू नकोस, असे तिला सांगावे. मात्र फोटो आपल्या फोनवर मागवू नयेत.

‘कुणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. २०१२च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलामुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे घेतला जातो आणि तेव्हा पोलीस गणवेशात नसतात, हे सांगितले तर तिची भीती कमी होईल. १०९८ या हेल्पलाइनवर रात्रंदिवस मदत मिळते. घरीच मारहाणीची भीती असेल, तर पालकांना बोलावण्याआधी तिथे सल्ला घ्यावा.

मुलालाही नुसते शाळेतून काढून भागत नाही. ‘नाही’ म्हणजे नाहीच, हे त्याला समुपदेशकाने समजावायला हवे. मुलगेही अशा धाकाला बळी पडतात, त्यांची थट्टा होऊ नये.

आणि मुलीचा अभ्यास एक दिवसही बुडणार नाही, एवढे शाळेने पाहावे. तक्रार करूनही शाळा सुटत नाही हे दिसले, तरच दुसरी मुलगी बोलायला धजेल.