रुग्ण 'ग्राहक' केव्हा ठरतो?

नागपुरात 'मेडिकल' आणि 'मेयो' यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पलीकडे धंतोली-रामदासपेठेत खासगी इस्पितळांची रांग आहे. आजार एकच असला, तरी सरकारी आणि खासगी दारातला रुग्ण कायद्याच्या लेखी एकच असेल असे नाही.

१९५३ साली कोकणात पालशेतला एका तरुणाचा पाय मोडला आणि पुण्यात उपचारानंतर तो दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते. तरीही अंतिम निकालास १९६८ साल उजाडले. भरपाई मिळाली ३,००० रुपये!

ही वाट सोपी केली ती ग्राहक कायद्याने. पैसे घेऊन केलेला उपचार ही 'सेवा'च, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिला. २०१९ च्या नव्या कायद्यातील व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख नाही, म्हणून डॉक्टर मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२१ मध्ये ती हरली.

पण याच १९९५ च्या निकालानुसार, जिथे सर्वांनाच उपचार मोफत, तिथला रुग्ण 'ग्राहक' नव्हे. नोंदणीचे किरकोळ शुल्क भरले तरी नव्हे. त्याच्यासाठी उरते जुनीच दिवाणी वाट. म्हणजे ज्याच्या खिशात काही नाही, त्यालाच लांबचा रस्ता!

एक हक्क मात्र दोघांनाही आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे मिळाली पाहिजेत, असा २००२ चा नियम आहे. तेवढे तरी आपण मागायला शिकू या. रुग्ण ग्राहक नसेल. नागरिक तर आहेच ना?