दुर्मिळ रोग आणि सोयीची सबब

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात पू साचला किंवा क्षयाची गाठ झाली की मुलाचे डोके दुखते, दृष्टी मंदावते, तहान व लघवी अतोनात वाढते, उंची खुंटते. मुलांत हा रोग अत्यंत दुर्मिळ, हे मान्य. परंतु राळेगाव तालुक्यातील कोलाम पोडावर ही दुर्मिळता व्यवस्थेच्या सोयीची सबब ठरते. अंगणवाडी सुटल्यावर ज्या मुलाची उंची कोणी नेमाने नोंदवलीच नाही, त्याची वाढ थांबली हे कळणार कसे? कळलेच, तर ते कुपोषणाच्या खाती मांडून मोकळे!

२०२५पर्यंत क्षय हटविण्याची घोषणा दिल्लीत २०१८ साली झाली. ते साल उलटले, क्षय राहिला. आणि तो आहे तोवर मेंदूच्या क्षयाला दुर्मिळ म्हणून बाजूला सारणे शासनाला शोभत नाही.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एमआरआय यंत्र हवे, असा आमचा हट्ट नाही. संशय येताच मुलाला यवतमाळला व गरज पडल्यास नागपूरला नेण्याचा सारा खर्च सरकारने उचलावा. पू नाकावाटे शस्त्रक्रियेने काढता येतो, क्षयावर औषधे आहेत. मात्र ग्रंथी निकामी झाली तर हायड्रोकॉर्टिसोन व थायरॉक्सिन बहुधा जन्मभर घ्यावे लागते. तापात हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवली नाही तर जीवावर बेतते. या गोळ्या दरमहा राळेगावातच, विनामूल्य मिळाल्या पाहिजेत. तालुक्याच्या औषधभांडाराच्या यादीत त्या घालायला कोणत्या आयोगाची वाट पाहायची आहे?