घरची बोली बंद करू नका

आमच्या शाळेच्या बालवाडीत मागच्या जूनमध्ये चार वर्षांचा एक मुलगा आला. तहान लागली की माझा हात धरून माठाकडे न्यायचा. शब्द मोजून आठ-दहा. आईला बोलावलं तर त्या म्हणाल्या, "मॅडम, लोक म्हणाले घरात उर्दू बोलू नका, पोरगा दोन भाषांत गोंधळतो. म्हणून आता मी मराठीच बोलते." त्यांचं मराठी म्हणजे ये, बस, खा, झोप. गोष्ट नाही, लाडाचं बोलणं नाही, भांडणसुद्धा नाही. मुलाला बोलतं करायचं म्हणून आईच मुकी झाली होती.

हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो मुस्लिम घरांतच नव्हे, तर कोकणी, अहिराणी, गोंडी बोलणाऱ्या घरांतही दिला जातो. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलत नाही. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. म्हणून मुलाचे शब्द मोजताना 'पानी'ही धरा आणि 'चिमणी'ही धरा. आईने त्याच भाषेत बोलावं, जी तिला भरभरून येते.

स्पीच थेरपिस्ट पालकांना जे शिकवतात, त्यातलं बरंचसं घरी बिनखर्चात जमतं. मुलाच्या उंचीला बसा, तोंडासमोर तोंड ठेवा. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा आणि थांबा. आपण घाईने उत्तर देऊन टाकतो. "क्या होना?" असं नुसतं विचारण्याऐवजी दोन वस्तू हातात धरा: "दूध होना की केला होना?" तो "पानी" म्हणाला तर तुम्ही "ठंडा पानी" म्हणा, एक शब्द वाढवून परत द्या. रोटी लाटताना हाताने काय चाललंय ते बोलत राहा. चुकीचं बोलला तर टोकू नका, तेच वाक्य बरोबर म्हणून दाखवा. पाहुण्यांसमोर "बोल ना, बोल" हा धोशा तर नकोच. आणि मोबाइल बाजूला ठेवा; तो बोलतो, पण मुलाची वाट पाहत नाही.

पण सगळं घरी होत नाही. वर्षाचं मूल आवाजाकडे वळत नसेल, दीड वर्षाला एकही शब्द नसेल, दोन वर्षांला दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर "त्याचे अब्बाही उशिरा बोलले" म्हणून बसू नका. आधी कान तपासा. तान्ह्या बाळाचेही कान यंत्राने तपासता येतात. जिभेला मध चाटवणं, वेखंड लावणं, जीभ चिकटली म्हणून कापायला निघणं, यात वर्षं जातात. दुआ जरूर करा, पण तपासणीही करा.

सोय सरकारी आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, पुढे जिल्हा पातळीच्या केंद्रात पाठवता येतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. 2016 च्या कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाचा वेगळा उल्लेख आहे. पण आईला समजेल अशा बोलीत हे सांगणारं कुणी नाही. आपल्या मोहल्ल्यांत डोळ्यांची, रक्तदानाची शिबिरं होतात. लहान मुलांच्या कानांचं शिबिर का होऊ नये? जुम्याला मशिदीत त्याची सूचना दिली तर घराघरांत पोचेल.

त्या मुलाचे कान तपासले, ते ठीक निघाले. थेरपी चालू आहे, अजून तो मागे आहे. आई मात्र पुन्हा तिच्या भाषेत बोलू लागली. परवा मी पेला पुढे केला तर तो म्हणाला, "पानी नक्को." हा 'नक्को' दखनीने मराठीकडूनच घेतला आहे. भाषांचं आपसात जमतं. भीती आपल्याच मनात आहे, तिची शिक्षा मुलांना कशाला?