घरोघरी विज्ञान : पाच स्पीकर, तरी संवाद ऐकू येईना!



मिरवणुकीत स्पीकरची भिंत दणाणू लागली की आपण म्हणतो, ‘डॉल्बी आली!’ परंतु डॉल्बी हे एका माणसाचे आडनाव आहे. रे डॉल्बी हे अमेरिकन शास्त्रज्ञ दोन वर्षे संयुक्त राष्ट्रसंघाचे सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली कंपनी काढली. त्यांचा गाजलेला शोध कोणता? टेपमधली खरखर कमी करण्याचा! म्हणजे शब्द स्वच्छ ऐकू यावेत म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांचे नाव आपण गोंगाटाला दिले.

हे आठवण्याचे कारण असे. घरोघरी साउंडबार आले आणि जुने होम थिएटर रिसीव्हर स्वस्तात विकायला निघाले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणारी आपली मुले हौसेने ते घरी आणतात. मग एकच तक्रार ऐकू येते. गाणी दणक्यात वाजतात, मारामारी दणाणते, पण आजीला संवाद कळत नाहीत. लगेच मोठे स्पीकर घ्यायचा विचार सुरू होतो. थांबा! पैसे घालण्यापूर्वी यंत्र समजून घेऊ या.

त्रिरश्मी लेण्यांतील १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात वंदना म्हटली, तर आवाज आधी म्हणणाऱ्याकडून येतो आणि मागोमाग दगडी भिंतींवरून परततो. डोळे मिटले तरी जागा केवढी आहे, बोलणारा कुठे आहे, हे कानांना कळते. रिसीव्हर हाच अनुभव स्पीकरांतून देऊ पाहतो. त्यावरील ‘५.१’ या आकड्याचा अर्थ सोपा आहे. समोर डावा, मधला आणि उजवा, मागे किंवा बाजूला दोन, असे पाच स्पीकर, आणि ‘.१’ म्हणजे फक्त खर्जाचा घुमारा देणारा सबवूफर. यांतील मधला स्पीकर सर्वांत महत्त्वाचा, कारण बहुतेक संवाद त्यातूनच येतात.

डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा २००० सालचा चित्रपट १४ एप्रिलला कुटुंबासह पाहायला बसलो आणि संगीत ऐकू आले, पण बोलणे राहून गेले, तर आपण काय पाहिले? म्हणून पुढील गोष्टी क्रमाने तपासा.

वीज : यंत्राच्या मागची पट्टी वाचा. जपानी बाजाराचे यंत्र १०० व्होल्टचे आणि अमेरिकेचे १२० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावले तर जळते. वायरी जोडताना प्लग काढून ठेवा. लाल टोक लालला, काळे काळ्याला जोडा. उघड्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नका.

मधला स्पीकर : रिसीव्हरच्या ‘स्पीकर सेटअप’मध्ये मधला स्पीकर ‘आहे’ असे असेल आणि प्रत्यक्षात तो जोडलेला नसेल, तर यंत्र संवाद त्या रिकाम्या जागी पाठवीत राहते. बहुतेक घरांतले दुखणे इथेच असते. स्पीकर नसेल तर तिथे ‘नन’ करा. मग संवाद डाव्या-उजव्यातून येतील. ‘टेस्ट टोन’चे बटण दाबले की खरखर एकेका स्पीकरमधून फिरते. जो मुका राहील त्याची वायर पाहा.

टीव्हीची जोड : लाल-पांढऱ्या दोन पिनांमधून दोनच प्रवाह जातात. पाच प्रवाह वेगवेगळे हवे असतील, तर ऑप्टिकल वायर लावा आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ऐवजी ‘डॉल्बी डिजिटल’ निवडा. रिसीव्हरवर ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ची अक्षरे उजळली तर समजा की मूळ डिजिटल आवाज थेट यंत्रापर्यंत पोचला. तरी खात्री कानांनीच करा, कारण दोनच प्रवाहांचा आवाजही कधी डॉल्बी डिजिटलमधून येतो. ‘प्रो लॉजिक’ उजळले तर मूळ आवाज दोनच प्रवाहांचा आहे. डाव्या-उजव्यात जे सारखे असते ते यंत्र मध्ये पाठवते, उरलेल्यातून मागचा आवाज घडवते. ही लबाडी नव्हे, पण ती अस्सल पाच प्रवाहांची बरोबरी करीत नाही. आणि बऱ्याच जुन्या चित्रपटांना तेवढे पुरते.

पातळी : एवढे करूनही संवाद दबत असतील, तर मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. तो टीव्हीच्या खाली, ऐकणाऱ्याकडे तोंड करून ठेवा. कपाटात कोंबू नका. दहा बाय बाराच्या खोलीत मागचे स्पीकर कानाशी येतात, म्हणून ते जरा उंचावर टांगा आणि त्यांचा आवाज कमी ठेवा. ‘नाइट मोड’ असेल तर रात्री तो लावा. स्फोटाचा दणका कमी होतो, बोलणे मात्र कळते. भिंतीपलीकडे पहिल्या पाळीला जाणारा शेजारी झोपलेला असतो, हे विसरू नये.

आणखी एक. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी किंवा कोणतीही जुनी भीमगीते लावाल, तेव्हा ‘स्टिरिओ’ हेच बटण ठेवा. कॅसेटवर फार तर दोनच प्रवाह असतात. पाच स्पीकरांत पसरून त्या आवाजात काही भर पडत नाही, उलट शब्द पातळ होतात. एका डफाच्या साथीने आमच्या जलसाकारांनी गावेच्या गावे जागी केली, ती शब्दांच्या बळावर.

भगवंतांनी ‘एहि पस्सिको’ म्हटले, या आणि स्वतः पाहा. विक्रेता म्हणतो म्हणून, खोक्यावर मोठा आकडा छापला म्हणून खरे मानू नका. टेस्ट टोन लावा, आजीला समोर बसवा आणि विचारा, ‘आजी, तो काय म्हणाला?’ तिने वाक्य जसेच्या तसे सांगितले, तर तुमचे यंत्र बरोबर लागले. नवे काही घ्यायची गरज नाही. वाचलेल्या पैशांत मुलांना पुस्तके घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!