मेंढपाळाच्या वाड्यावर तराजू हवा

आपल्या राज्यात शेतकऱ्याच्या घरून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मालाला कसले ना कसले माप असते. ऊस टनावर जातो, कापूस व सोयाबीन क्विंटलवर, दूध लिटरवर आणि त्यातील स्निग्धांशावर. या मापांत लबाडी होते, काटामारीच्या तक्रारी दर हंगामात ऐकू येतात, हे खरे. परंतु माप आहे म्हणूनच तक्रार तरी करता येते. लहान मेंढपाळाच्या कोकराला मात्र मापच नाही. ते आजही बहुतांशी नगावर, म्हणजे घेणाऱ्याच्या नजरेवर विकले जाते. ज्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न या विक्रीवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. समाजवादी चळवळीनेही ती क्षुल्लक मानता कामा नये.

माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, पारनेर या अवर्षणग्रस्त पट्ट्यांतील धनगर मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास घोड्यांवर बिऱ्हाड लादून चाऱ्याच्या शोधात निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या फिरत्या मुक्कामाला वाडा म्हणतात. कळप रानात गेला म्हणजे मागे राहिलेली कोवळी कोकरे सांभाळण्याचे, त्यांना आईला पाजण्याचे, आजारी पडलेल्यांना औषध देण्याचे काम वाड्यावरील स्त्रिया करतात. नर कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले की व्यापारी येतो. त्याच्या पाठीवरून, कमरेवरून हात फिरवतो, उचलून अंदाज घेतो आणि एक आकडा बोलतो. थोडी घासाघीस होते आणि सौदा तुटतो. ज्या बाईने ते कोकरू जगविले, तिला या बोलण्यात बहुधा स्थान नसते.

व्यापाऱ्याच्या हाताला रोजचा सराव असतो आणि शहरातला भाव त्याला सकाळीच कळलेला असतो. मेंढपाळाला आपले जनावर ठाऊक असते, त्याचे वजन ठाऊक नसते. हिशेब साधा आहे. कोकराच्या जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडे कमी मटण पडते. वीस किलोच्या कोकरातून नऊ-दहा किलो. समजा, बावीस किलोचे कोकरू अठरा किलोचे समजून विकले गेले. मग चार किलो जिवंत वजन, म्हणजे पावणेदोन ते दोन किलो मटण, मेंढपाळाने फुकट दिले. शहरात मटण किलोला सातशे-आठशे रुपयांच्या घरात विकले जात असताना ही रक्कम सव्वा हजार ते सोळाशे रुपयांपर्यंत जाते. तिच्यातला काही भाग वाहतूक, कापणी व दुकानदारी यांवर खर्च होणारच, हे मान्य करू. तरीही वर्षाकाठी तीस कोकरे विकणाऱ्या कुटुंबाचे केवळ अंदाजाच्या चुकीने किती नुकसान होत असेल, हे वाचकांनी स्वतःच ताडून पाहावे. विशेष म्हणजे ही चूक सहसा एकाच बाजूला झुकते.

मेंढपाळ हे का सोसतो? त्याच्या मिळकतीचे बाकीचे आधार एकामागून एक खचले आहेत, म्हणून. दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीला घोंगडीचे गिऱ्हाईक होते. स्वस्त यांत्रिक ब्लँकेटे आली आणि आज पुष्कळ ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. शेतात मेंढरे बसवून त्यांच्या लेंडीखताबद्दल धान्य वा पैसा मिळे. रासायनिक खते आणि बारमाही ऊस यांनी ती मागणी आणि रिकामी रानेही घटविली. गायराने अतिक्रमणांनी वा सरकारी प्रकल्पांनी व्यापली. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. परंतु वनाच्या सीमेवर तो सिद्ध करणे निरक्षर वाटसरूला अवघड असते आणि दंड भरणे सोपे असते. उरले ते कोकरू. ते तरी वेळेवर विकलेच पाहिजे, कारण औषधपाणी, लग्नकार्य वा दुष्काळातला चारा यांसाठी व्यापाऱ्याकडूनच उचल घेतलेली असते. उचल देणाऱ्याने सांगितलेला भाव नाकारण्याची सोय ऋणकोला नसते.

व्यापाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. वाटेत जनावर मरते, बाजार पडतो, रोगाची साथ येते, ही जोखीम तो घेतो. शिवाय जनावराची किंमत केवळ वजनावर ठरत नाही, असे तो म्हणतो. पैदाशीच्या मेंढ्याबाबत हे म्हणणे रास्त आहे. २०२० साली आटपाडी तालुक्यातील एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाख रुपयांची मागणी आल्याची बातमी गाजली होती. ती किंमत मांसाची खचितच नव्हती. परंतु असे मेंढे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कापण्यासाठी जाणाऱ्या हजारो कोकरांना नाकाचा बाक आणि अंगावरचे ठिपके यांचे मोल कोणी देत नाही. त्यांची किंमत वजनातच आहे. मग वजन करण्यास हरकत कशाची?

सरकारने या क्षेत्राकडे लक्षच दिले नाही असे नाही. १९७८ साली शेळी-मेंढी विकासासाठी महामंडळ स्थापन झाले. २०१७ पासूनच्या महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक नर अशा गटासाठी अनुदानाची तरतूद झाली. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, हे तर देशाने दखल घ्यावी असे काम. मात्र या साऱ्या प्रयत्नांचा रोख कळप वाढविण्यावर आहे. मेंढीला एकाच्या जागी दोन कोकरे झाली आणि दोन्ही नजरेवर विकली गेली, तर वाढलेल्या श्रमांचा मोठा वाटा पुन्हा त्याच हातांत जाईल.

सरकार स्वतः खरेदीत उतरले म्हणजे लहान मेंढपाळ आपोआप सुरक्षित होतो, असेही नाही. तेलंगणाने २०१७ साली मेंढीवाटपाची फार मोठी योजना आखली. तिच्यासाठी मेंढ्या विकणाऱ्या आंध्रमधील मेंढपाळांनी आपले पैसे दुसऱ्यांच्याच खात्यांत वळविल्याची तक्रार केली आणि २०२४ साली तेथील लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अधिकाऱ्यांना अटक केली. लाभार्थीच्या नावाने जमाखर्च चोख ठेवला जात असता विकणारा कागदावर कोठेच नसतो, हा धडा महाराष्ट्राने वेळीच घ्यावा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याच्या अनुसूचीत मेंढ्या-शेळ्यांचा समावेश आहे. बाजार समित्या प्रत्येक जनावरामागे शुल्कही घेतात. शुल्क घेणाऱ्याने काटा पुरविला पाहिजे. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक मेंढीबाजारात प्रमाणित काटा असावा व कापणीच्या जनावराचा सौदा जिवंत वजनावर, पावतीनिशी व्हावा. मोठ्या शहरांतील मटणाचा त्या दिवसाचा भाव बाजाराच्या दारात फळ्यावर लिहिला जावा. सहकारी बँकांनी कोकरांच्या तारणावर हंगामी कर्ज देऊन उचलीचा फास सैल करावा. आणि सरकारी योजनांसाठी होणारी खरेदी लहान मेंढपाळाकडून थेट व्हावी व रक्कम त्या कुटुंबातील स्त्रीच्या नावावर जमा व्हावी.

अर्थात, मागण्या केल्याने मिळत नाहीत. हमाल बाजाराच्या आवारात एकत्र आले, लढले, म्हणून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मेंढपाळ वर्षातले सात-आठ महिने विखुरलेला असतो. त्याची संघटना बांधणे अधिक कष्टाचे आहे. पण पावसाळ्यात वाडे गावी परततात. ते चार महिने आपल्या तालुका कार्यकर्त्यांनी या कामासाठी राखून ठेवावेत. पाच-दहा वाड्यांनी मिळून टांगता काटा घेतला, तर बाजार समितीच्या ठरावाची वाट पाहावी लागणार नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येकजण जत्रेसाठी, बकरी ईदसाठी वा पाळण्यासाठी कोकरू विकत घेतात. त्यांनी शक्य तेथे ते थेट वाड्यावरून घ्यावे, मेंढपाळासमोर वजन करावे, शहरातला भाव त्याला आधी सांगावा आणि मगच किंमत ठरवावी. पैसे मोजून देताना ज्या बाईने ते वाढविले तिलाही बोलावून घ्यावे.